चकाकतं ते सगळं रेडियम नसतं

पुण्यातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, "मागे ही लाल-पिवळी पट्टी कसली लावलीय?" उत्तर येईल, "रेडियम आहे साहेब." मोटरसायकलच्या नंबरप्लेटवरची अक्षरं रेडियमची. ती कापून चिकटवून देणारा तो रेडियमवाला. देवघरातला दिवा मालवल्यावर हिरवट दिसणारा प्लॅस्टिकचा गणपती रेडियमचा. आणि आजोबांच्या जुन्या स्विस घड्याळाचे काटे, तेही रेडियमचेच.

मंडळी, पट्टी, नंबरप्लेट, गणपती आणि घड्याळ, ह्या चार वस्तूंपैकी तिघींत रेडियमचा कणही नाही. चौथीत असण्याची दाट शक्यता आहे. आणि नेमकी ती चौथी वस्तू आता अंधारात बहुधा चमकतच नाही! हे असं उलटं का, ते सांगण्यासाठी आजचा लेख.

गेल्या अंकात आम्ही प्रेशर कुकरच्या शिट्टीवर लिहिलं होतं. त्यानंतर मराठी शाळेतल्या बालगोपाळांकडून एक प्रश्न आला. बल्ब चमकतो आणि काजवाही चमकतो. मग बल्बला हात लावला की भाजतं, आणि काजवा तळहातावर घेतला तर का भाजत नाही? प्रश्न लाखमोलाचा आहे. मोठ्यांनी विचारायला हवा होता, पण मोठे एच-वन आणि मॉर्गेजच्या विचारात असतात.

आम्ही पडलो इंजिनियर. आम्हाला काव्य कमी, हिशोब जास्त कळतो. उजेड म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा फुकट मिळत नाही. तेव्हा कुठलीही चमकणारी वस्तू दिसली की एकच प्रश्न विचारायचा: ह्या उजेडाचं बिल कोण भरतंय? हा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मं पदार्थविज्ञान आपोआप समजतं. आणि तो न विचारल्यामुळे ह्याच देशात काही तरुण मुलींनी जीव गमावले. त्यांची गोष्ट शेवटी येईल.

आधी उसनवारीवाले बाजूला काढू. रिक्षाची पट्टी चमकत नाही, ती फक्त परत करते. तिच्या पोटात काचेचे बारीक मणी किंवा छोटे छोटे लोलक असतात. तुमच्या हेडलाइटचा प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला ते पाठवून देतात. नंबरप्लेटचं तेच, हायवेवरच्या पाट्यांचं तेच, रात्री अंगणात आलेल्या मांजराच्या डोळ्यांचं तेच. चंद्रही त्याच पंक्तीतला. पडलेल्या सूर्यप्रकाशातला जेमतेम १२ टक्के परत करतो आणि तेवढ्यावर जगभरच्या कवींना शतकानुशतकं पोसतो. ह्या सगळ्यांचं बिल दुसऱ्याच्या नावावर आहे. हेडलाइट बंद केला की कारभार आटोपला.

आता स्वतःच्या उजेडाने चमकणाऱ्यांकडे वळू.

तापेल तो उजळेल

सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे वस्तू तापवणं. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी काळपट लाल दिसतं, मग तांबडं, मग नारिंगी, पिवळं आणि शेवटी पांढरटसर. लोहार थर्मामीटर वापरत नाही, रंग बघूनच हातोडा उचलतो. १८४७ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर नावाच्या प्राध्यापकाने ह्याचं मोजमाप केलं. त्याला असं आढळलं की धातू असो वा वीट, अंधारात पहिला लालसर उजेड सगळ्यांना साधारण ५२५ अंश सेल्सियसलाच फुटतो. पदार्थ कुठला ह्याला महत्त्व नाही, तपमानाला आहे.

त्याहून थंड वस्तूही किरणं बाहेर टाकतच असतात, पण ती आपल्या डोळ्यांना न दिसणारी, इन्फ्रारेड. तुम्ही-आम्ही आत्ता ह्या क्षणी तसे 'चमकत' आहोत. विमानतळावर ताप तपासणाऱ्या कॅमेऱ्याला ते दिसतं, सौभाग्यवतींना दिसत नाही.

ह्या पद्धतीत बिल उष्णता भरते आणि खर्च भयंकर होतो. साध्या बल्बची तार अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापवावी लागते. एवढं करून विजेतला सुमारे पाच टक्के भाग दिसणाऱ्या उजेडात जातो, बाकी सगळी उष्णता. म्हणून तो भाजतो. इथल्या मुलींचा एक लाडका खेळातला ओव्हन २०११ पर्यंत बल्बच्याच उष्णतेवर खरे छोटे केक भाजत असे. दिवा म्हणून तो बल्ब नालायक होता, पण शेगडी म्हणून उत्तम! दुकानांतून हे बल्ब जवळजवळ गेले ते काही उगीच नाही.

समईची ज्योतही ह्याच जातीची. तिचा पिवळा रंग म्हणजे पुरतं न जळालेल्या कार्बनचे कण, म्हणजेच काजळी, तापून लाल-पिवळी झालेली. विश्वास बसत नसेल तर ज्योतीवर स्टीलची वाटी क्षणभर धरा, काळी होईल. आमच्या आज्या अशीच काजळी धरून त्यात तूप घालून काजळ करीत. ज्योतीतून पकडलेला न विझलेला उजेडच तो, डोळ्यांत घालायचा.

निळी ज्योत, पिवळी ज्योत

मग गॅसची शेगडी निळी का? इथे भानगड वेगळी आहे. गॅसला हवा पुरेशी मिळाली तर काजळी तयारच होत नाही. जळताना रेणू तुटतात, त्यांचे तुकडे क्षणभर उत्तेजित होतात आणि शांत होताना निळा उजेड सोडतात.

'उत्तेजित होणं' म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अणूतले इलेक्ट्रॉन जिन्याच्या पायऱ्यांवर उभे आहेत असं समजा. कोणीतरी ऊर्जा दिली की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. तिथे त्याला फार वेळ राहवत नाही. तो खाली उतरतो आणि मिळालेली ऊर्जा उजेडाच्या रूपाने टाकून देतो. उडी मोठी असेल तर उजेड निळा-जांभळा, लहान असेल तर तांबडा. प्रत्येक मूलद्रव्याचा जिना वेगळ्या मापाचा, म्हणून रंगही ठरलेले. सोडियमचा पिवळा. दिवाळीच्या आतषबाजीत हिरवा बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा, निळा तांब्याचा. १० मे २०२४ च्या रात्री सौरवादळामुळे अमेरिकेत पार फ्लॉरिडापर्यंत आकाश गुलाबी-हिरवं झालं होतं, आठवतं ना? लडाखमधल्या हानले इथेही तेव्हा लाल आकाश टिपलं गेलं. तो हिरवा आणि तो लाल, दोन्ही वातावरणातल्या ऑक्सिजनचे, जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरून उतरतानाचे. बिल सूर्याने भरलं.

आता स्वयंपाकघरात परत येऊ. आमटी उतू गेली की निळ्या ज्योतीत पिवळे-नारिंगी लोळ उठतात. ते आमटीतल्या मिठातलं सोडियम. काळजीचं कारण नाही, फक्त शेगडी पुसण्याचं काम वाढलं. पण काहीही सांडलेलं नसताना शेगडीची किंवा बेसमेंटमधल्या फर्नेसची ज्योत सतत पिवळी, आळसावलेली, लवलवती दिसत असेल, भांड्यांचे बुड काळे होत असतील, तर ती काजळी आहे. म्हणजे गॅसला हवा कमी पडते आहे. आणि अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिवाळ्यात खिडक्या बंद करून झोपलेलं अख्खं कुटुंब त्याने जाऊ शकतं. समईत शोभणारा पिवळा रंग फर्नेसमध्ये शोभत नाही. तसं दिसलं तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा आणि जाणकार माणसाला बोलवा. भिंतीवरच्या डिटेक्टरलाही आयुष्य असतं. त्याच्या मागे तारीख छापलेली असते, ती आज रात्रीच बघा. उजेडाचा रंग वाचता येणं ही केवळ हौस नव्हे, ती ह्यासाठी.

मोठी नोट, सुटे पैसे

तिसरी तऱ्हा. जुन्या पिढीला आठवत असेल, पांढरे कपडे नीळीत बुडवत आणि मग बाजारात टिनोपाल आलं. नीळ कपड्यातला पिवळेपणा नुसता झाकते. टिनोपालचं काम हुशारीचं. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरण असतात. टिनोपाल ते घेतं आणि त्याबदल्यात निळसर दिसणारा उजेड देतं. म्हणून शर्ट 'पांढऱ्याहून पांढरा' दिसतो. तसलीच द्रव्यं आजच्या डिटर्जंटमध्ये असतात, आणि ब्लॅकलाइट लावलेल्या पार्टीत पांढरे सदरे भुतासारखे उजळतात त्याचं कारण तेच.

ह्याला मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात, इंग्रजीत फ्लुओरेसन्स. हे नाव १८५२ साली जॉर्ज स्टोक्सने फ्लुओरस्पार ह्या खनिजावरून दिलं. त्याने एक नियमही सांगितला, आणि तो वाण्याच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला लगेच पटेल. मोठी नोट घ्यायची, सुटे पैसे परत द्यायचे. अतिनील किरण ही मोठी नोट. त्याहून कमी ऊर्जेचा निळा, हिरवा, पिवळा उजेड म्हणजे सुटे. मधला फरक उष्णता होऊन जातो. त्याला मोडणावळ म्हणा. सुटे देऊन मोठी नोट सहसा मिळत नाही. लाल दिवा दाखवून शर्ट निळा चमकवता येत नाही तो ह्यामुळे.

मुलांना घरी करून दाखवण्यासारखं आहे. हार्डवेअरच्या दुकानात ब्लॅकलाइटचा छोटा टॉर्च मिळतो. रबिंग अल्कोहोलमध्ये चिमूटभर हळद टाका, गाळ खाली बसू द्या आणि अंधारात टॉर्च मारा. हिरवट-पिवळा असा काही उजेड दिसेल की हळदीबद्दलचा आदर दुणावेल. टॉनिक वॉटर निळं चमकतं; तो त्यातल्या क्विनाइनचा, म्हणजे मलेरियावरच्या कोयनेलचा प्रताप. मग पाकिटातली २० डॉलरची नोट काढा. तिच्यातला बारीक धागा हिरवा चमकतो. ५ चा निळा, १० चा नारिंगी, ५० चा पिवळा, १०० चा गुलाबी. बँकेतला माणूस नोट दिव्याखाली धरतो तेव्हा हेच बघत असतो. टॉर्च मात्र कुणाच्या डोळ्यांवर मारू देऊ नका.

ट्यूबलाइटचं मर्मही हेच. आतली पाऱ्याची वाफ अतिनील किरण देते, नळीच्या आतला पांढरा लेप त्याचे सुटे करून देतो. आजचे पांढरे एलईडी दिवे त्यांची पुढची पिढी: निळा एलईडी आणि त्यावर पिवळा लेप. निळा एलईडी करायला शास्त्रज्ञांना इतकी वर्षं झगडावं लागलं की त्यासाठी २०१४ चं नोबेल तिघा जपानी वंशाच्या संशोधकांना मिळालं.

हप्त्याने फेड

टॉर्च बंद केला की हळद लगेच विझते. देवघरातला गणपती मात्र तासभर चमकत राहतो. का? हळद रोखीचा व्यवहार करते, गणपती हप्त्याने फेडतो. त्याच्या प्लॅस्टिकमध्ये झिंक सल्फाइड किंवा अलीकडे स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटची पूड असते. दिवसा उजेडाने इलेक्ट्रॉन वर चढतात, पण उतरताना मधल्या माळ्यावर अडकतात. खोलीतल्या उबेचा धक्का लागेल तसा एकेक सुटतो आणि खाली येतो. म्हणून मुलांच्या छतावरचे तारे निजताना तेजस्वी आणि पहाटे मंद दिसतात. बिल भरलं संध्याकाळच्या दिव्याने. गणपती चार दिवस कपाटात बंद ठेवा, तो चमकणार नाही. ह्यात रेडियम नाही, घाबरायचं कारण नाही.

ही विद्या जुनी आहे. १६०२ च्या सुमारास इटलीतल्या बोलोन्या गावच्या व्हिन्सेन्झो कास्कारियोलो नावाच्या चांभाराने सोनं करायच्या नादात एक दगड कोळशात भाजला. सोनं झालं नाही, पण दगड अंधारात चमकायला लागला.

हॅलोविनला मुलं गळ्यात घालतात त्या ग्लोस्टिकचं बिल रसायनं भरतात. काडी मोडली की आतली काचेची नळी फुटते, दोन द्रव मिसळतात आणि त्यांच्या प्रक्रियेतली ऊर्जा रंगाला मिळते. उष्णता जवळजवळ नाही. गरम पाण्यात धरली तर झगझगते पण लवकर संपते. फ्रीझरमध्ये ठेवली तर मंद होते पण दुसऱ्या दिवशीही थोडी उरते. एकूण पैसे तेवढेच, खर्चाचा वेग वेगळा.

आणि एक अगदी घरगुती चमत्कार. खोलीत मिट्ट काळोख करा, डोळे दहा मिनिटं सरावू द्या आणि खडीसाखरेचा खडा पकडीने फोडा. अंधुक निळसर ठिणगी दिसेल. स्फटिक तुटताना वीज वेगळी होते आणि हवेत उडी मारते. विंटरग्रीनच्या गोळ्यांत ती आणखी छान दिसते. बिल कोणी भरलं? तुमच्या मनगटाने.

काजव्याचं दुकान

आता बालगोपाळांचा मूळ प्रश्न. तत्पूर्वी, मास्तरांनी कानाखाली वाजवल्यावर डोळ्यांपुढे जे काजवे चमकत, ते खरे नव्हेत. तिथे उजेड मुळीच नसतो. धक्क्यामुळे डोळ्यांतल्या आणि मेंदूतल्या दृष्टीच्या यंत्रणेला झटका बसतो आणि मेंदू त्याला उजेड समजतो. बिल भरणारा आपला गाल.

खरा काजवा हे ग्लोस्टिकपेक्षा कितीतरी सरस दुकान आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम असतं, आणि बिल भरतं एटीपी. एटीपी म्हणजे सगळ्या जिवांचं चालू नाणं; आपले स्नायू त्यावरच चालतात. त्यात ऑक्सिजन मिसळला की उजेड, आणि उष्णता नगण्य. जुन्या पुस्तकांत काजव्याचं कसब ८८ टक्के लिहिलेलं असे. २००८ साली जपानमध्ये काटेकोर मोजलं तेव्हा ते ४१ टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे शंभर रेणूंमागे सुमारे एक्केचाळीस उजेडाचे कण. तरी आपल्या तारेच्या बल्बने शरमेने मान खाली घालावी असंच हे आहे. म्हणून, बाळांनो, काजवा भाजत नाही.

१९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय ह्यांनी दाखवून दिलं की एटीपी नाही तर काजव्याचा उजेड नाही. त्यांना काजवे हवे होते, म्हणून त्यांनी गावातल्या मुलांना शंभर काजव्यांमागे २५ सेंट देऊ केले! ह्या शोधाचा उपयोग आजही होतो. जिथे जीव तिथे एटीपी. त्यामुळे हॉस्पिटलमधलं टेबल किंवा अन्नाच्या कारखान्यातलं यंत्र नीट पुसलं आहे की नाही, हे त्यावरून बोळा फिरवून आणि काजव्याचं द्रव्य घालून तपासतात. चमकलं तर परत पुसा. १९८५ मध्ये ल्युसिफरेजचा जीन वेगळा काढता आला, तेव्हापासून ते बॅक्टेरियात तयार करता येतं. काजव्यांची सुटका झाली.

निदान त्या बाबतीत झाली. दुसऱ्या बाबतीत मात्र आपण त्यांच्या मुळावर आलो आहोत. काजव्याचा उजेड ही त्याची भाषा आहे. नर उडत उडत ठरलेल्या तालात लुकलुकतो, गवतात बसलेली मादी ठरलेल्या अंतराने उत्तर देते. प्रत्येक जातीचा ताल वेगळा. त्यातही लबाडी आहे: फोट्युरिस जातीची मादी दुसऱ्या जातीच्या मादीची नक्कल करून नराला बोलावते आणि खाऊन टाकते. ह्या सगळ्या संभाषणात आपण काय केलं, तर ड्राइव्ह-वेवर, पॅटिओवर, झाडाखाली रात्रभर जळणारे दिवे लावले. ढोलताशांच्या गजरात कानगोष्ट ऐकू येईल का? तसंच हे. त्यात लॉनवर औषधं मारली. काजव्याची अळी एक-दोन वर्षं मातीत, पालापाचोळ्यात राहून गोगलगायी, गांडुळं खात वाढते. आपण पाहतो तो काजवा म्हणजे तिच्या आयुष्याचे शेवटचे काही आठवडे. अमेरिका आणि कॅनडातल्या जातींची पहिली मोठी तपासणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात किमान १८ जाती धोक्यात असल्याचं आढळलं, आणि निम्म्याहून अधिक जातींबद्दल तर निर्णय देण्याइतकी माहितीच मिळाली नाही.

टेनेसीच्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये मेअखेर-जूनमध्ये एका तालात लुकलुकणारे काजवे पाहायला लोक लॉटरी लावून जातात. नेमक्या त्याच सुमारास, पावसाच्या तोंडावर, तिकडे भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडीला हिरडा-बेहड्याची झाडंच्या झाडं काजव्यांनी पेटलेली असतात, आणि पाहायला आलेल्यांच्या गाड्यांचे हेडलाइट त्यांचं लग्न मोडत असतात. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर हिरवट चमकणारी बुरशीही आहे. आपल्या पूर्वजांनी ज्यांना भुतांचे दिवे म्हटलं, त्यातले काही तरी हेच असावेत.

आणि खरं रेडियम

शेवटी ती गोष्ट. १८९८ मध्ये मेरी आणि पिएर क्यूरी ह्यांनी रेडियम शोधलं. त्याचं बिल भरतो अणूचा गाभा. तो आपणहून फुटत राहतो, आणि त्यातून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडवर आदळले की ते चमकतं. ना ऊन लागतं, ना दिवा. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. फुकटचा उजेड! पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या घड्याळांसाठी ह्या रंगाला प्रचंड मागणी आली. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात, आपल्यापैकी कित्येकांच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, १९१७ पासून यू.एस. रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात मुली घड्याळांच्या तबकड्या रंगवू लागल्या. आकडे बारीक, म्हणून ब्रशला टोक हवं. आणि टोक काढायचं ते ओठांनी. दर थोड्या वेळाने ब्रश तोंडात. काही धोका नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. गंमत म्हणून मुली नखांना, दातांनाही रंग लावीत. संध्याकाळी घरी जाताना त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकत.

शरीराला रेडियम कॅल्शियमसारखं वाटतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथे फुटत राहतं. मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजू लागले, हाडं मोडू लागली. १९२५ मध्ये डॉ. हॅरिसन मार्टलंड ह्यांनी कारण दाखवून दिलं. १९२७ मध्ये ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींनी दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला १०,००० डॉलर आणि हयात असेपर्यंत वर्षाला ६०० डॉलर. त्याच वर्षी हा रंग तयार करणारे डॉ. फॉन सोखॉकी स्वतःही रेडियमच्याच दुखण्याने गेले. इलिनॉयमधल्या ओटावा गावातही असाच कारखाना होता. तिथे २०११ मध्ये ह्या मुलींचा पुतळा उभारला गेला, आणि त्याची सुरुवात एका शाळकरी मुलीच्या प्रयत्नांतून झाली. शिकागोकडच्या मंडळींनी मुलांना घेऊन एकदा जरूर जावं. कामावरच्या माणसाला कशाने इजा होऊ शकते हे कळलंच पाहिजे, ह्या आजच्या समजुतीमागे ह्या मुलींच्या लढ्याचा मोठा वाटा आहे.

आता ते सुरुवातीचं कोडं. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं. म्हणजे शंभर वर्षांत शंभरातले जेमतेम चार भाग खर्च होतात. पण सतत मारा सोसून झिंक सल्फाइड मात्र काही वर्षांतच निकामी होतं. म्हणून आजोबांचं जुनं घड्याळ आता चमकत नाही. दुकान बंद झालं, बिल चालूच आहे. १९६० च्या दशकानंतर घड्याळांत रेडियम वापरणं जवळजवळ थांबलं, पण त्याआधीची घड्याळं, गजर, विमानातली उपकरणं गराज सेलमध्ये अजून दिसतात. काच शाबूत असेल तोवर फारसा धोका नाही. पण ती उघडू नका, काट्यांवरचा रंग खरवडू नका, मुलांना खेळायला देऊ नका. फुटलेलं असेल तर राज्याच्या रेडिएशन खात्याला फोन करून विचारा.

थोडक्यात काय, मंडळी, गणपतीला घाबरू नका, गप्प बसलेल्या घड्याळाला सांभाळा, फर्नेसची ज्योत एकदा वाकून बघा. आणि यंदा जून-जुलैमध्ये अंधार पडल्यावर दोन तास मागच्या अंगणातले दिवे बंद ठेवा, कुंपणाच्या कडेचा पालापाचोळा थोडा राहू द्या. शेजारी विचारतील, वीज गेली का? त्यांना सांगा, आमच्याकडे लग्नकार्य आहे.

पुढच्या अंकात: दही इथल्या थंडीत का लागत नाही.